परतीच्या वाटेवरची पाठराखीण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता जेमतेम अठ्ठावीस किलोमीटरचा. या रस्त्याने बारा महिने माणसं येत असतात. कोणी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला, कोणी कुशावर्तात स्नान करायला. पौष वद्य एकादशीला तर निवृत्तिनाथांच्या समाधीकडे दिंड्यांची रीघ लागते. आणि काही माणसं येतात ती घरात काहीतरी बिघडलंय म्हणून. धंद्यात यश नाही, मूल होत नाही, घरात शांतता नाही. त्यासाठीचे विधी इथे होतात, लांबलांबून कुटुंबं त्यासाठी मुक्कामाला येतात. श्रद्धा ज्याची त्याची; तिच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते ‘घरात शांतता नाही’ या तीन शब्दांविषयी. कारण या तीन शब्दांच्या आड कधी कधी एक मार खाणारी बाई असते. ती पदर सावरून पूजेला बसते, नमस्कार करते आणि त्याच घरात परत जाते.

आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीबरोबर पाठराखीण पाठवायची रीत होती. कित्येक घरांत ती अजूनही आहे. धाकटी बहीण, चुलतबहीण, आत्या, कधी एखादी म्हातारी आजी. नव्या घरात मुलगी बुजू नये, न्हाणीघर कुठे, पाणी कुठून भरायचं, कोणाला काय म्हणायचं, हे विचारायला आपलं एक माणूस जवळ असावं, एवढाच त्यामागचा हेतू. चार दिवस राहून पाठराखीण परत यायची. अनोळखी उंबरठा ओलांडताना माणूस एकटं असू नये, हे आपल्या आज्या-पणज्यांना नेमकं कळलेलं होतं.

पण तोच उंबरठा उलट दिशेने ओलांडायची वेळ आली तर? अंगावर वळ घेऊन, काखेत मूल घेऊन, रात्री-बेरात्री? तेव्हा बरोबर कोण? त्या वाटेवर पाठराखीण पाठवायची रीत आपल्याकडे नव्हती. ती रीत हळूहळू, एकेका माणसाने, एकेका संस्थेने घडवली. आज मी तुम्हाला त्या दुसऱ्या पाठराखिणीचा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात त्र्यंबकेश्वरातूनच करू. इथे गोदावरीला एक लहानशी नदी येऊन मिळते, तिचं नाव अहिल्या. गौतम ऋषी आणि अहिल्या यांची ही भूमी, असं आपण परंपरेने मानतो. गौतमांवर गोहत्येचं पातक आलं, तेव्हा त्यांनी तप केलं आणि त्या तपाने गंगा इथे अवतरली, ही कथा त्र्यंबकच्या प्रत्येक यात्रेकरूला माहीत असते. अहिल्येवर दोष आला, तेव्हा काय झालं, तेही सगळ्यांना माहीत आहे. ती शिळा झाली आणि कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत राहिली. आपल्या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत ऋषींना प्रायश्चित्ताचा मार्ग आहे. अहिल्येला मात्र आपली बाजू सांगायचा एक प्रसंगही नाही. कथा कथेच्या जागी. पण ज्या समाजाने ही कथा पिढ्यान् पिढ्या ऐकली, त्या समाजातल्या बायकांनीही आपलं दुःख दगडासारखं मुकाट धरलं, यात मग नवल काय?

अगदीच मुकाट म्हणता येणार नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने ते ओवीत सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात सासुरवासाच्या ओव्यांचा फार मोठा भाग आहे. मार, उपास, टोमणे, माहेरची आस. म्हणजे बाईची पहिली फिर्याद जात्याने ऐकली. पण जातं साक्षीला जाऊ शकत नाही. ओवी ऐकणारी शेजीण हळहळायची, फार तर भाकरतुकडा द्यायची. पुढे काही करण्याची ताकद तिच्याही हातात नव्हती, कारण तिच्या घरी तेच जातं होतं.

मग अशा बाईला आधार कोणाचा? बहुतेक वेळा बहिणीचा किंवा भावाचा. याचं चित्र नाशिकच्याच परिसरातल्या एका बाईने लिहून ठेवलं आहे. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी, साध्यासुध्या भाषेसाठी वाचतो. ते जरूर तसं वाचावं. पण एकदा तेच पुस्तक घरातल्या धाकाच्या नजरेने वाचून पाहा. वडिलांचं सोवळ्याचं वेड आणि त्यात भरडलेलं सगळं घर. सासऱ्यांचा विक्षिप्त स्वभाव. नवऱ्याचा शीघ्रकोप आणि न सांगता निघून जाणं. हा काही कज्ज्याचा कागद नव्हे आणि रेव्हरंड टिळकांचं मोठेपण त्याने उणं होत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच ते सारं प्रेमाने सांगितलं आहे. मला त्यातून दाखवायचं आहे ते एवढंच, की १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं, तेव्हा त्या उभ्या राहिल्या त्या थोरली बहीण भिकुताई आणि मेव्हणे नानासाहेब पेंडसे यांच्या घराच्या आधाराने. ते घर नसतं तर? ज्या बाईला भिकुताई नव्हती, तिचं काय झालं असेल? अशा बायकांची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत.

लक्ष्मीबाईंच्या काही वर्षं आधी मुंबईत एका मुलीने हाच प्रश्न थेट हायकोर्टात नेला होता. रखमाबाई हे तिचं नाव. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलेलं. ती सासरी नांदायला गेली नव्हती आणि मोठी झाल्यावर तिने जायला नकार दिला. दादाजीने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. त्यावर अपील झालं, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईने सांगितलं, मी तुरुंगात जाईन. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती सुटली. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि तिने सुरत-राजकोटला आयुष्यभर रुग्णसेवा केली.

हा खटला मारहाणीचा नव्हता. पण ‘बाई ही नांदायलाच हवी’ या समजाला त्याने पहिल्यांदा हात घातला. आपण रखमाबाईच्या धैर्याचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण तिच्या मागे कोण कोण होतं, तेही पाहायला हवं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं सुशिक्षित घर तिच्या मागे होतं. तिची बाजू मांडणारे नामांकित वकील होते. तिने टोपणनावाने लिहिलेली पत्रं छापणारं वर्तमानपत्र होतं. तिच्या मदतीसाठी मुंबईत समिती उभी राहिली होती. एका मुलीला ‘नाही’ म्हणता यावं म्हणून इतकी माणसं लागली. धैर्य तिचं एकटीचं होतं; पण नुसत्या धैर्यावर चार वर्षं कोर्टात टिकता येत नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात स्त्रियांसाठी आसऱ्याची दारं उघडत होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. यांचं ऋण फार मोठं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही दारं मुख्यतः विधवांसाठी होती. नवरा गेलेल्या बाईचं दुःख समाजसुधारकांना दिसलं. नवरा असलेल्या आणि त्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईचं दुःख दिसणं मात्र अवघड होतं, कारण ती सवाष्ण होती. तिच्या कपाळाला कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. हळदीकुंकवाला तिला पहिला मान. ती दुःखी आहे असं म्हणायचं तरी कसं? ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद होता, आणि हुकूमही.

पुढे कायदे आले. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, १९५५ साली देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला, १९६१ साली हुंडाबंदीचा. कागद चांगले होते. पण ते कागद तालुक्याच्या कोर्टात असायचे आणि बाई स्वयंपाकघरात. दोहोंच्या मधलं अंतर चालून जायला तिच्याबरोबर कोणी नव्हतं. पोलीस ठाण्यात गेलं, तर ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा’. गावात पंचांपुढे गेलं, तर समजूत. त्यातही समजूत तिचीच घालायची.

हे बदलायला लागलं ते १९८० च्या आसपास. मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध देशभर संताप उसळला. हा खटला पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचा, आणि तोही आपल्याच विदर्भातला. मुंबईत स्त्रियांचा एक मंच त्यातून उभा राहिला. मंच बलात्काराच्या प्रश्नावर निघाला होता; पण त्याची दारं ठोठावणाऱ्या कित्येक बायका घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन येऊ लागल्या. ज्यांना मोर्चा काढायचा होता, त्यांना आता समोर बसलेल्या बाईचं ऐकून घेऊन ‘आज रात्री ही झोपणार कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं. स्त्री-चळवळीतली पाठराखीण इथे जन्माला आली.

पुण्यात तिला जन्म दिला एका मृत्यूने. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता मरण पावली. लग्नाला चार महिने झाले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने पतीला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, ही आत्महत्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही असं म्हणत, संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडलं. न्यायालयाचा निकाल आपण मानू. पण त्या पत्रांचं काय? विवाहित मुलगी बहिणीला, मैत्रिणीला आपलं दुःख लिहिते. ज्यांना ती लिहिते, त्यांना तिची काळजी असते. पण करायचं काय, जायचं कुठे, हे त्यांनाही माहीत नसतं. मग ती पत्रं कपाटात राहतात, आणि बाहेर येतात ती ती मुलगी गेल्यावर, कोर्टाच्या दप्तरात.

विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या घटनेने अस्वस्थ केलं. त्यातून नारी समता मंच उभा राहिला, आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात गावोगाव फिरलं. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तिथेच थांबून आपलं सांगायला लागल्या. तेव्हा मंचाच्या लक्षात आलं, की आधी कुठेतरी बोलायची जागा हवी. त्या केंद्राचं नाव त्यांनी ठेवलं ‘बोलते व्हा’. किती साधं नाव आहे पाहा. त्यात कायदा नाही, न्याय नाही, मुक्ती नाही. नुसतं ‘बोला’. कारण बाकी सगळं त्यानंतर. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही सल्ला केंद्रं चालवली, आणि १९८३ साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने हा विषय गल्लीबोळांत आणि खेड्यांत नेला.

१९८३च्या डिसेंबरात भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरली. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे.) पण आता एक नवी अडचण पुढे आली. गुन्हा नोंदवायचा तो पोलीस ठाण्यात. तिथे खाकी कपड्यांतल्या पुरुषांपुढे उभं राहून आपल्या शेजघरातल्या गोष्टी सांगायच्या कोणी?

या अडचणीवर मुंबईत एक फार व्यवहारी उपाय निघाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच एक कक्ष सुरू झाला: महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष. कल्पना अशी, की प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसेल. ती पोलीस नाही, पण पोलिसांना परकीही नाही. बाई आली, की आधी तिला बसवायचं, पाणी द्यायचं, ऐकायचं. मध्ये टोकायचं नाही. ‘तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. मग तिला काय हवंय ते विचारायचं. काहींना नवऱ्याला समज द्यायला हवी असते, काहींना आपले दागिने-भांडी परत हवी असतात, काहींना मूल हवं असतं, काहींना फक्त दोन रात्री सुरक्षित झोप. त्याप्रमाणे पुढची पावलं. सासरी जाऊन स्त्रीधन परत आणताना तिच्याबरोबर जायचं. नवऱ्याला बोलावून, हिंसा चालणार नाही हे लेखी घ्यायचं. तक्रार लिहिताना तिच्या शेजारी बसायचं. कोर्टात तारखेला सोबत जायचं. पुढे २००५ साली राज्य सरकारने हे काम आपलं म्हणून स्वीकारलं आणि असे कक्ष मुंबईबाहेरही पसरले.

‘शेजारी बसायचं’ हे शब्द ऐकायला किरकोळ वाटतात. पण तक्रार कशी लिहिली जाते, याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना त्याची किंमत कळेल. शेजारी कोणी नसलं, की बाईची तक्रार दुसराच कोणीतरी लिहितो. कधी ती पाणी घालून पातळ केली जाते, कधी मीठ-मसाला लावून वाढवली जाते. दोन्हीमुळे नुकसान तिचंच होतं. पुढे उलटतपासणीत ती तक्रार तिलाच ओळखू येत नाही. चांगली पाठराखीण तिचे शब्द तिचेच ठेवते. कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत, कशाने मारलं, दवाखान्याचा कागद आहे का, शेजारच्या कोणी पाहिलं का. या कायद्यांचा गैरवापर होतो अशी चर्चा अधूनमधून होते, सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली सरसकट अटकेबाबत पोलिसांना सावध केलं. त्या चर्चेतही मला वाटतं, की खरी तक्रार भक्कम आणि खोटी तक्रार अवघड करायची असेल, तर तक्रारीच्या वेळी जाणतं माणूस शेजारी असणं यासारखा दुसरा उपाय नाही.

वकील आणि पाठराखीण यांतला फरकही इथे सांगायला हवा. वकील दावा लढवतो. पाठराखीण माणूस सांभाळते. मात्र कधी कधी दोघी एकच असतात. मुंबईच्या फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी स्वतःच्या संसारात वर्षानुवर्षं हिंसा सोसली, त्यातून त्या बाहेर पडल्या, त्याविषयी उघडपणे लिहिलं आणि मग कायदा शिकून वकील झाल्या. १९९१ साली त्यांनी ‘मजलिस’ ही संस्था सुरू केली. स्त्रियांना कायद्याची मदत मिळवून देण्याचं तिचं काम आज सर्वज्ञात आहे. ज्या वाटेने आपण एकट्या चाललो, त्या वाटेवर दुसरीबरोबर चालायचं, अशी ही गोष्ट आहे.

या सगळ्या अनुभवाला अखेर कायद्यात जागा मिळाली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. हा कायदा शिक्षेपेक्षा संरक्षणाचा आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. मारहाण तर त्यात आहेच. शिव्यागाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे न देणं, कमाई काढून घेणं, हेही हिंसेत मोडतं. बायकोच नव्हे, तर आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, या सगळ्या जणी दाद मागू शकतात. बाईला घराबाहेर काढता येत नाही, घर तिच्या नावावर असो वा नसो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो.

पण सगळ्यात नवी गोष्ट अशी, की या कायद्याने पाठराखिणीचं पद निर्माण केलं. तिला ‘संरक्षण अधिकारी’ म्हटलं आहे. कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार करणं, अर्ज करायला मदत करणं, दवाखाना, निवारागृह, मोफत वकील यांची सोय पाहणं, न्यायालयाचा आदेश प्रत्यक्षात येतो का याकडे लक्ष देणं, ही या अधिकाऱ्याची कामं. त्याने कारण नसताना कर्तव्यात कसूर केली, तर त्यालाही शिक्षा होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत संस्थांना ‘सेवा पुरवठादार’ म्हणून हेच काम करता येतं. समुपदेशनासाठीच्या नियमांत तर एक सुंदर तरतूद आहे: समुपदेशनाच्या वेळी, ‘मी का मारलं’ याचं समर्थन मांडायला पुरुषाला मुभा नाही. पिढ्यान् पिढ्या पंचांच्या बैठकीत जे सर्वांत आधी ऐकलं जायचं, तेच इथे दाराबाहेर ठेवलं आहे.

आता पुन्हा आपल्या त्र्यंबकला येऊ. मंदिराच्या गावापलीकडचा त्र्यंबकेश्वर तालुका म्हणजे डोंगर, भातखाचरं आणि पाडे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर, कातकरी अशा आदिवासी कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे. या समाजांत मुलाकडून देज द्यायची रीत होती आणि बाईला मोडता संसार सोडून दुसरा मांडायची मोकळीकही पुष्कळ होती. आपल्या शहरी समजुतीपेक्षा ती जास्तच होती. पण देज परत करायचं कोणी, मुलं कोणाची, हे ठरवणार पंच, आणि पंच पुरुष. शिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तेव्हा हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा, जो जात, धर्म, जमात काही विचारत नाही, तो इथल्या बाईच्या विशेष उपयोगाचा आहे.

हरसूलच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरची बाई डोळ्यांसमोर आणा. रात्री मार बसला. सकाळी निघायचं, तर जीपचं भाडं हवं. मुलाला बरोबर घ्यायचं की सासूपाशी ठेवायचं? दिवसाचा रोज बुडणार. तालुक्याला पोचली, तर साहेब मीटिंगला. नाशिकला जा म्हणाले, तर आणखी भाडं. तारीख पडली, तर तेव्हा ती द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली असेल. कायद्यात यावर उत्तर आहे: ती तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. उत्तरं सगळी आहेत. पण ती त्या बाईपर्यंत चालत जात नाहीत. कोणीतरी न्यावी लागतात.

ती नेणारं माणूस नसेल, तर काय होतं? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक. पण हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली किती जणींनी? देशभरात शंभरातल्या फक्त चौदा जणींनी. आणि सत्त्याहत्तर जणींनी कोणालाही, अगदी कोणालाही, सांगितलं नव्हतं. ज्यांनी मदत मागितली, त्यांतल्या बहुतेक माहेरी गेल्या. पोलीस किंवा वकील यांच्यापर्यंत अगदी थोड्या पोचल्या. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या काळापासून आजपर्यंत आधार तोच आहे, भिकुताईचं घर.

आणि सरकारी पाठराखिणीचं काय? अनेक राज्यांत हे पद दुसऱ्या कामाने आधीच वाकलेल्या अधिकाऱ्याच्या पाठीवर जादा ओझं म्हणून टाकलं गेलं. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जिथे संरक्षण अधिकारी नाहीत, तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत ते नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षं उलटून गेली होती. ज्या माणसावर सगळा कायदा उभा आहे, ते माणूस नेमा, हे सांगायला न्यायालयाला इतका काळ वाट पाहावी लागली.

या कामाची बाजू घेताना एक धोकाही सांगायला हवा. पाठराखीण म्हणजे संसार मोडणारी, असा एक आक्षेप असतो. आणि दुसरीकडे, कसंही करून समेट घडवायचा, असा दबाव तिच्यावरच असतो. दोन्हींत एक गोष्ट विसरली जाते. निर्णय त्या बाईचा आहे. ती परत नांदायला जाईल, पुन्हा मार खाऊन येईल, पुन्हा जाईल. त्यातली प्रत्येक वेळ पाठराखिणीने राग न धरता दार उघडं ठेवायचं असतं. हे काम माणसाला थकवतं. मानधन तुटपुंजं, धमक्या ठरलेल्या, आणि यश दिसत नाही. कारण यश म्हणजे एक बाई, जी आज जिवंत आहे आणि भाजी चिरते आहे. त्याची बातमी होत नाही.

शेवटी एक कलम सांगतो, जे तुमच्या-माझ्यासाठी आहे. या कायद्याचं चौथं कलम म्हणतं, की कुठे कौटुंबिक हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजीण कळवू शकते. अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी कळवू शकतात. यात्रेकरूंना खोली देणारा घरमालक किंवा शेजारच्या खोलीत उतरलेलं बिऱ्हाडही कळवू शकतं. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२, हे दोन नंबर तेवढे लक्षात ठेवा.

नव्या नवरीला सासरी एकटं पाठवू नये, हे आपण कोणी कायदा केल्याशिवाय शिकलो होतो. त्यासाठी कोणी अधिकारी नेमावा लागला नाही. घरातलंच कोणीतरी दोन लुगडी पिशवीत भरून निघायचं. पुढच्या वेळी शेजारच्या खोलीतून आवाज आला, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. दार वाजवा. काही सुचलं नाही, तर वाटीभर साखर मागा. त्या दाराआड कोणाला तरी कळेल, की बाहेर माणूस आहे.